पोच

आमच्या सोयगावच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची रांग आहे. डोंगराच्या वर मराठवाडा आणि खाली खानदेश, अशी निसर्गाची वाटणी. पण आमचा तालुका डोंगराच्या खाली राहूनही मराठवाड्यातच मोडतो. जिल्ह्याचं गाव, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, शंभर किलोमीटरहून लांब. बाजारहाट, दवाखाना, रेल्वे म्हटलं की आमचे पाय पाचोरा-जळगावकडे वळतात. गावाबाहेर पडलं की वेताळवाडीचा किल्ला दिसतो, आणि त्याच डोंगराच्या घड्यांमध्ये वाड्या, तांडे बसलेले. मोबाईल आले तेव्हापासून आमच्याकडे एक वाक्य रूढ झालं आहे : "रांग हाये तिथं रेंज नाही."

माझी माय निरक्षर होती. पण घरातून कुणी परगावी निघालं की उंबऱ्यात उभी राहून एकच सांगायची, "पोचल्याचं कळव." तेव्हा फोन नव्हते, कार्ड टाकावं लागायचं. कार्ड यायला चार दिवस लागायचे, आणि ते चार दिवस मायचं जेवणात लक्ष नसायचं. मी डी.एड.ला असताना वडील मनीऑर्डर करायचे. तिच्या पोचेचा कागद परत आला की माय तो देवळीत जपून ठेवायची. वडील म्हणायचे, "पाठवले ना पैसे, झालं." माय म्हणायची, "पाठवले म्हंजी पोचले का?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकला. त्याचा अर्थ मात्र वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मास्तरकीची अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळला. तोही एका सातवीतल्या मुलीमुळे.

शाळा लांब असणं आमच्या घराला नवीन नव्हतं. माझे आजोबा निजामाच्या राज्यातले. तेव्हा वरच्या वर्गांत शिकायचं तर उर्दूतून शिकावं लागे. म्हणून पणजोबांनी त्यांना सरहद्दीपलीकडे, इंग्रजांच्या खानदेशात, शेंदुर्णीला मराठी शाळेत घातलं. आठवड्याच्या भाकरी फडक्यात बांधून आजोबा चालत जायचे. ते सांगायचे, "शाळा लांब व्हती, पन व्हती. गेलो की भेटायची." जून २०२० मध्ये मला पहिल्यांदा अशी शाळा दिसली, जी कितीही चाललं तरी भेटत नव्हती.

त्या वर्षी मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते मोबाईलवर. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज यायची. दीक्षा ॲप होतं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. करणाऱ्यांनी मन लावून केलं होतं, यात शंका नाही. मीही करत होतो. माझी शाळा सोयगावपासून आठ किलोमीटरवर. सातवीचा वर्ग, पटावर अडतीस मुलं. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला. सकाळी नऊला गणिताचा व्हिडिओ टाकायचा, दुपारी स्वाध्याय, संध्याकाळी कुणी सोडवून फोटो पाठवले तर 'छान' असं लिहायचं. फळा नाही, खडू नाही, पोरांचा गलका नाही. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मला ते बरंही वाटलं.

मग माहितीचे तक्ते भरून मागायला लागले. रकाना होता : ऑनलाइन शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या. आता ही संख्या काढायची कशी? आठ-दहा मुलं स्वाध्याय पाठवायची. बाकीची काय करत होती ते मला दिसत नव्हतं. मी सोपी वाट काढली. ज्या घरचा नंबर गटात आहे, ते मूल ऑनलाइन. असे नंबर होते एकतीस. मी एकतीस लिहिलं. दर आठवड्याला एकतीस. उरलेल्या सात जणांपुढे 'साधन उपलब्ध नाही'. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गटात मेसेजखाली कुणी कुणी पाहिलं हे दिसतं, ते कधी कधी बघायचो. निळी टिक म्हणजे पोच, असं मनाशी धरून चाललो होतो.

इकडे माझ्या घरी वेगळंच चाललं होतं. थोरला मुलगा बारावीला. त्याचे क्लास लॅपटॉपवर. मोबाईलची रेंज दगा द्यायची म्हणून मी केबलवाल्याकडून घरात फायबर घेतलं, महिन्याला पाचशेच्या वर खर्च. आठ दिवसांत गल्लीतल्या पोरांना त्याचा वास लागला. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं ओटा आहे. संध्याकाळी चार-पाच पोरं-पोरी ओट्यावर वह्या घेऊन बसायला लागली. मुलानं कुणाला तरी पासवर्ड दिला होता. मग एक दिवस त्याचाच क्लास अडकला, सरांचं तोंड उघडं राहून गेलं. त्यानं चिडून पासवर्ड बदलला. मी त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, "बारावीचं वर्ष आहे, पैसे आपण भरतो, आपल्या पोराचं आधी बघायचं की नाही?"

बायको म्हणाली, "अहो, दार बंद केलं तर पोरं उठून जातील. पण ओट्यावरून उठतील, मनातून नाही." माय खाटेवर होती. तेव्हा ती होती अजून. तिला वायफाय काय ते कळत नव्हतं, पण भांडण कशावरून आहे ते बरोबर कळलं. म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात तुह्या आज्यानं आडाला झाकण घालून कुलूप लावलं व्हतं. आडात पानी थोडं, घरात मान्सं धा, त्याचं बी खरं व्हतं. पन लोकं अजून इसरले नाहीत. तुह्या आजीनं रातीला कुलूप काढून दोन-दोन घागरी दिल्या, ते बी इसरले नाहीत."

आजोबांनी कुलूप लावलं होतं हे मला माहीत नव्हतं. जे आजोबा शिकायला परक्या राज्यात चालत गेले, त्यांच्याबद्दल हे ऐकून मी गप्प झालो. शेवटी तोडगा निघाला : मुलाच्या क्लासच्या वेळा सोडून पासवर्ड सगळ्यांना. बायकोनं ओट्यावर एक बल्ब लावला. बारावी, बी.ए., डी.फार्म.ची पोरं तिथं बसून फॉर्म भरायची, व्हिडिओ उतरवून घ्यायची. गावात माझं नाव झालं. "गुरुजींनी पोरांसाठी नेट मोकळं केलं." मी ते ऐकून घ्यायचो. बायकोनं केलं असं कधी म्हटलं नाही.

आता त्या मुलीची गोष्ट. ती तांड्यावरची. तांडा शाळेपासून तीन किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत. तिथं रेंज यायची ती सेवालाल महाराजांच्या मंदिरामागच्या चढावर, एका मोठ्या दगडाशेजारी. घरात स्मार्टफोन एक, बापाचा. जूनपासून ती रोज त्या दगडापाशी जाऊन व्हिडिओ उतरवायची, स्वाध्याय पाठवणाऱ्या आठ-दहा जणांत तिचं नाव असायचं. दिवाळीनंतर तिचे स्वाध्याय बंद झाले. पण तिच्या घरच्या नंबरवर मेसेज रोज वाचला जायचा. कधी रात्री दहाला, कधी पहाटे चारला. मला वाटलं, कंटाळली असेल, नुसतं बघत असेल. रकान्यात ती होतीच.

२७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. ती पहिल्याच दिवशी आली. उंची वाढलेली, बोटांना कापूस वेचून चिरा पडलेल्या. मी फळ्यावर पूर्णांकांचा गुणाकार घेतला. वजा तीन गुणिले वजा चार. तिला विचारलं. ती उभी राहिली आणि बोलेना. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "अगं, तू तर रोज ग्रुपवर असायचीस. चार व्हिडिओ टाकले मी याच्यावर."

ती म्हणाली, "सर, फोन तर पप्पांसंगं गेला. दिवाळीच्या पाडव्यापासून. मम्मी-पप्पा कोयत्यावर हायेत. मी आजीपाशी."

"मग मेसेज कोण बघतं?"

"म्हाईत नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळलो आणि उत्तर स्वतःच लिहिलं : अधिक बारा.

एप्रिलमध्ये ऊसतोड संपवून तिचे आई-बाप परत आले. तोवर शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घालायचा निर्णय झाला होता. बाप भेटायला आला, मास्क तोंडाला, ओट्याच्या कडेला टेकला. मी विचारलं, "मेसेज तुम्ही बघत होता?"

म्हणाला, "व्हय सर. फडातून आलो की रातीला समदे उघडायचो. मले काही कळत नव्हतं त्यातलं. पन निळं झालं पाहिजे ना. नाही उघडलं तर पोरीचं नाव कमी कराल, असं वाटलं. रिचार्ज संपला की मुकादमाकडून पैशे घेऊन मारायचो."

उचल घेऊन गेलेला माणूस. नवरा-बायकोचा एक कोयता. पहाटे गाडी भरायची, रात्री पालात परतायचं, आणि त्या पालात बसून परक्या जिल्ह्यात तो वजा गुणिले वजा अधिक का होतं याचे व्हिडिओ एकामागून एक उघडायचा. कशासाठी? तर पोरगी हजर दिसावी म्हणून. आणि मी इकडे तिला हजर लिहायचो, तक्ता भरलेला दिसावा म्हणून. दोघांनी मिळून एका मुलीला पाच महिने हजर ठेवलं. ती मात्र त्या वेळी कापसाच्या वावरात होती.

मी तेव्हापासून या गोष्टीचा विचार करतो आहे. खोटं कुणाचं मोठं? त्याचं की माझं?

वरवर पाहिलं तर दोघांनी सारखंच केलं. पण त्याच्या खोट्यामागं भीती होती आणि स्वतःच्या खिशातला खर्च होता. माझ्या खोट्यामागं सोय होती आणि खर्च शून्य. शिवाय त्याच्या खोट्यानं कुणाचं नुकसान झालं नसतं, जर मी एकदा जाऊन बघितलं असतं. माझ्या खोट्यानं मात्र झालं. वर बसलेल्या माणसाला वाटलं, सोयगाव तालुक्यातल्या एका शाळेत अडतीसपैकी एकतीस मुलं शिकताहेत. तिथं खरा आकडा गेला असता तर काही झालं असतं असं छातीठोक सांगता येत नाही. पण खोटा आकडा गेल्यावर काही होण्याची वाटच बुजली. जो रकान्यात हजर आहे, त्याच्यासाठी कोण धावून येणार?

मला मोटारसायकल होती. तांडा शाळेपासून तीन किलोमीटर. त्या काळात राज्यातले कितीतरी मास्तर झाडाखाली, देवळाच्या पारावर, कुणाच्या ओट्यावर चार-चार मुलं घेऊन बसत होते. भोंगा लावून शिकवत होते. मी तांड्यावर गेलो दोनदा, तेही पाठ्यपुस्तकं वाटायला. का गेलो नाही? भीती होती, पण ती एक महिन्याची. खरं कारण असं की मी रोज पाठवत होतो. पाठवण्याचं समाधान फार वाईट असतं. हातातलं काम झाल्यासारखं वाटतं. फळ्यापुढे उभं असलं की पोरांचे चेहरे सांगतात, कळलं की नाही. मोबाईलला चेहरा नसतो, नुसती टिक असते.

माय विचारायची ते हेच. पाठवलं म्हणजे पोचलं का? कर्तव्य पाठवणाऱ्याच्या दारात संपतं की घेणाऱ्याच्या? हा प्रश्न एकट्या मास्तराचा नाही. तो सरकारचाही आहे, आणि तुमचा-माझाही.

शाळेच्या बाबतीत आपण तो एकदा नीट सोडवला होता. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या नियमांत अंतर मोजून दिलं आहे : पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. आजोबांची भाकर बांधून केलेली पायपीट कायद्यानं संपवली, निदान कागदावर तरी. त्याच्या आधी १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, पण त्याआधी गावोगाव शाळा काढायची जबाबदारी राज्यानं आपल्या डोक्यावर घेतली. सक्ती करायची तर आधी वाट करून द्यायची, हा त्यातला साधा न्याय.

२०२० मध्ये शाळा घरात गेली तेव्हा हा न्याय मागे राहिला. शाळेचं अंतर मोजलं होतं, घरापासून नेटचं अंतर कुणी मोजलं नव्हतं. खरं तर अंदाज होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या खेड्यांत १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. टाळेबंदीच्या काळात लोकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. 'असर'च्या २०२१च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. पण त्याच पाहणीत असंही निघालं की घरात फोन असूनही २६.१ टक्के मुलांच्या हातात तो येत नव्हता. माझी सातवीतली विद्यार्थिनी दोन्ही आकड्यांत बसते. घरात फोन आहे, हातात नाही.

शाळेचा एक मोठा गुण आपल्याला ती बंद झाल्यावर कळला. शाळेच्या दारात पोर आपलं घर बाहेर ठेवून आत येतं. आत आल्यावर बाक सारखा, फळा सारखा, खिचडी सारखी. बाप मुकादम असो की कोयत्यावरचा. शाळा घरात शिरली आणि उलटं झालं. ज्याच्या घरात खोली, त्याला वर्ग. ज्याच्या घरात फायबर, त्याला मास्तर. ज्याच्या घरचं छप्परच सहा महिने उसाच्या फडात जातं, त्याला काहीच नाही. मग त्या घरात नेट पोचवणं ही मेहेरबानी कशी? शाळेचा एक भाग तिच्या घरी नेला, तर त्या भागाची वाटही तिथपर्यंत न्यायला हवी.

दिल्ली उच्च न्यायालयानं १८ सप्टेंबर २०२०ला जवळपास हेच म्हटलं : शाळा ऑनलाइन शिकवणार असेल तर गरीब विद्यार्थ्याला उपकरण आणि नेट देणं हा मोफत शिक्षणाचाच भाग आहे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. खर्च कुणी करायचा यावर गाडी अडली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयानं वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल देताना इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं होतं. त्याच राज्यानं जून २०२३ मध्ये स्वतःचं फायबर जाळं सुरू केलं आणि वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचं ठरवलं. किती घरांत ती चालते, हे पोच आल्यावरच खरं. पण निदान मोजायचं माप घर हे ठरवलं.

आपल्याकडे देशपातळीवर २०११ साली जी योजना मंजूर झाली, जिला पुढे भारतनेट नाव मिळालं, तिचं माप ग्रामपंचायत होतं. ग्रामपंचायतीपर्यंत तार नेली की गाव जोडलं, अशी ती गणती. हे काम लहान नाही. पण आमच्याकडच्या गावांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका ग्रामपंचायतीत मूळ गाव, दोन वाड्या, एक तांडा, मळ्यातली घरं. तार आली ती पंचायतीच्या भिंतीपर्यंत. तिथून तांड्याच्या दगडापर्यंतचं अंतर कुणाच्या रकान्यात नाही. मी जसं गटात नंबर आहे म्हणून मूल ऑनलाइन लिहिलं, तसंच पंचायतीत तार आहे म्हणून गाव जोडलेलं लिहायचं. चूक एकच आहे. पाठवलं ते पोचलं असं धरायचं. २०२३ मध्ये या योजनेला नव्यानं पैसा मंजूर झाला, त्यात ग्रामीण घरांपर्यंत जोडण्या नेण्याचं ठरलं आहे. शहाणपण उशिरा आलं तरी त्याला नावं ठेवू नयेत.

आमच्या शेजारचे कारभारी-अण्णा हे सगळं ऐकून म्हणतात, "गुरुजी, नेट आलं आन् पोरं वाया गेली. गेम खेळत्यात, रील बघत्यात. तुम्ही-आम्ही कंदिलावर शिकलोच ना?" त्यांचं खोटं नाही. माझ्याच ओट्यावर रात्री अकराला अभ्यास किती आणि हसणं-खिदळणं किती चालायचं, हे मला ठाऊक आहे. नेट म्हणजे शाळा नाही आणि मोबाईल म्हणजे मास्तर नाही. पण अण्णा, कंदिलावर शिकलो तेव्हा सगळ्या गावाला कंदीलच होता. परीक्षेत शेजारी बसणाऱ्याच्या घरी वीज असती तर आपणही मागितली असती. आज शिष्यवृत्तीचा फॉर्म, अकरावीचा प्रवेश, भरतीचं हॉल तिकीट, सगळं नेटवर. नेट असूनही जो रील बघतो त्याच्यापुढं निवड आहे. जिच्याकडे नेटच नाही, तिला कोण विचारतं तू काय निवडलंस?

मग माझा ओटा? तो चुकला का? नाही. १८६८ साली महात्मा फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळा केला. ज्याच्या घरी आहे त्यानं वाटावं, सरकारची वाट बघू नये, हा त्यातला एक अर्थ. पण फुले हौदापाशी थांबले नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं सरकारला सांगितलं. सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्यांनाच मिळतं, हे त्यांनी तोंडावर मांडलं. घरचा हौदही उघडायचा आणि सरकारला जाबही विचारायचा. मी पहिलं अर्धं केलं, तेही बायकोच्या हातानं, आणि त्याच्या मोठेपणात दुसरं अर्धं विसरलो. उलट खोटा तक्ता भरून जाब विचारायची जागाच घालवली.

ओट्याला मर्यादा असतात, हेही तेव्हा कळलं. ओट्यावर आली ती माझ्या गल्लीतली पोरं. तांड्यावरची पोरगी आठ किलोमीटर अधिक तीन किलोमीटर चालून संध्याकाळी माझ्या ओट्यावर येणार होती थोडीच? आलीच असती तरी अंधार पडल्यावर परत कशी गेली असती? ओट्यावर बसणारा उपकाराखाली बसतो, आवाज केला तर उठवला जाईल या धाकानं बसतो. शाळेच्या बाकावर बसणारा हक्कानं बसतो. म्हणून ओटा असावा, पण ओट्यावर भागतं असं म्हणू नये.

मे २०२१ मध्ये मी तांड्यावर जायला लागलो. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी. मंदिराच्या सावलीत सहा-सात मुलं बसायची. त्यात ती असायची. पाच महिन्यांचं पाच आठवड्यांत भरून निघत नाही. पूर्णांक तिला कळले, बैजिक राशींत ती अडखळायची, आणि ते अडखळणं दहावीपर्यंत तिच्यासोबत गेलं. दहावी ती पास झाली, गणितात काठावर. मला ते काठावरचे गुण माझे वाटतात.

त्या एकतीसच्या तक्त्याची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. मी तिच्यावर लाल पेनानं खरा आकडा लिहून ठेवला आहे, एकेका घरी जाऊन विचारून काढलेला : अकरा. तारीख घातली, सही केली, आणि वरिष्ठांना पत्रही दिलं. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "गुरुजी, आता काय उपयोग?" पत्र घेतलं मात्र. मी पोच मागितली. त्यांनी शिक्का मारून दिली. ती देवळीत आहे, मायच्या मनीऑर्डरच्या कागदांशेजारी. माय त्याच पावसाळ्यात गेली.

ती मुलगी आता अकरावीला आहे. मागच्या दिवाळीला तिचे आई-बाप पुन्हा कोयत्यावर निघाले. गाडी सोयगावच्या स्टँडवर थांबली होती. बाप धावत माझ्याकडे आला. या वेळी उचलीतून त्यानं दुसरा फोन घेतला होता, साधासाच, पण नेटचा. तो पोरीपाशी ठेवून चालला होता. म्हणाला, "सर, आता निळं तीच करते. तुम्ही काही पाठवलं तर तिले इचारत जा, समजलं का म्हणून."

मी म्हटलं, "विचारीन." मग गाडी निघताना माझ्याच तोंडून गेलं, "पोचल्याचं कळवा."